ढोल पथकात पहिल्यांदाच जाताय? वाजवायचं सोडून बाकीचं सगळं

दरवर्षी जून उजाडला की ऑफिसमधलं कोणीतरी हळूच विचारतं, "तू पथकात आहेस ना, मला पण यायचंय, काय करावं लागतं?" आणि मी दरवर्षी चहाच्या टपरीवर उभी राहून तेच तेच सांगते, म्हणून यंदा म्हटलं एकदाच लिहून टाकू आणि पुढच्या वेळी लिंक पाठवू.

मी मूळची साताऱ्याची, नोकरीसाठी पुण्यात आले आणि २०१६ ला पहिल्यांदा पथकात गेले. मधली २०२० आणि २०२१ ची कोविडची दोन वर्षं गणपतीच्या मिरवणुकाच नव्हत्या, ती सोडली तर एकही सीझन चुकवलेला नाही. ढोल कसा वाजवायचा ते मी इथे सांगणार नाही, ते तुम्हाला पथकातले लोक पंधरा दिवसांत शिकवतात आणि खरंच सांगते, ते त्यातलं सोपं काम आहे. दीडशे-दोनशे अनोळखी लोकांच्या घोळक्यात आपली जागा कुठली, कोणाला काय बोलायचं, कुठे गप्प बसायचं, हे कोणी शिकवत नाही आणि त्यातच नवीन पोरं-पोरी गळतात. पहिल्या आठवड्यात आमच्याकडे ग्राउंड भरून गर्दी असते, तिसऱ्या आठवड्यात निम्मी. हात दुखला म्हणून सोडणारे त्यात फार कमी, "मला कोणी विचारतच नाही तिथे" म्हणून सोडणारे जास्त.

आधी पथक निवडा, आणि ते वाजवण्यावरून निवडू नका

पुण्यात पथकांचे ढोबळ तीन-चार प्रकार आहेत. एक शाळांची पथकं, म्हणजे प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि वगैरे, ही जुनी, यांच्यात आजी-माजी विद्यार्थी असतात आणि शिस्त शाळेसारखीच असते. बाहेरच्याला तिथे प्रवेश आहे का ते आधी विचारून घ्या, उगाच जाऊन परत यायला नको. दुसरी गणपती मंडळांची स्वतःची. तिसरी स्वतंत्र, एखाद्या भागातल्या मित्रांनी काढलेली, आणि नव्या माणसाला सगळ्यात सहज जागा इथेच मिळते. आयटीवाल्यांची, कॉलेजवाल्यांची, फक्त महिलांची अशीही आहेत. पुण्याबाहेर मुंबई, ठाणे, नाशिक, कोल्हापूर सगळीकडे आता पथकं आहेत, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये आपल्या लोकांनी काढलेली पण आहेत, तिथले नियम थोडे वेगळे असतील पण माणसं तीच.

निवडायचं कसं? संध्याकाळी नदीपात्राच्या बाजूला, म्हात्रे पुलाच्या आसपास एक चक्कर मारा, जुलै-ऑगस्टमध्ये आवाजावरूनच कळेल कुठे कुठे सराव चालू आहे. मग एखाद्या पथकाजवळ दोन संध्याकाळ नुसते उभे राहा. वादनाकडे बघू नका, ते सगळ्यांचंच भारी वाटतं. ब्रेक झाला की काय होतं ते बघा. नवीन पोरं एका कोपऱ्यात मोबाईल बघत बसलीत आणि जुने दुसरीकडे हसतायत, की मिसळलेत? एखाद्याचा ठेका चुकला की त्याला सगळ्यांसमोर झापतात का बाजूला घेऊन सांगतात? आणि शेवटी, हे फार महत्त्वाचं, सराव संपल्यावर टेम्पोत ढोल कोण चढवतं ते बघा. फक्त नवीन पोरंच चढवत असतील आणि जुने बाईकला टेकून गप्पा मारत असतील तर पुढचं पथक बघा. पथकप्रमुख स्वतः ढोल उचलताना दिसला तर तिथेच नाव द्या.

मुलींसाठी आणि मुलींच्या घरच्यांसाठी एक वेगळा प्रश्न. रात्री घरी सोडायची व्यवस्था काय आहे ते नाव देतानाच विचारा. चांगल्या पथकात या प्रश्नाचं उत्तर तयार असतं, कोण कोणत्या बाजूला जाणार याची यादीच असते. "अगं होईल काहीतरी" असं उत्तर आलं तर मी तरी जाणार नाही. फॉर्म भरताना ड्रेसचे पैसे किती, तो परत द्यावा लागतो का, किती दिवस हजेरी लागते, हेही तेव्हाच विचारून घ्या, नंतर विचारलं की भांडण वाटतं.

पहिला दिवस

बूट घाला, चप्पल नको. केस बांधा. अंगठ्या, घड्याळ, ब्रेसलेट काढून ठेवा. पाण्याची बाटली, बोटांना गुंडाळायला चिकटपट्टी आणि कानात घालायला कापूस. कापसावरून तुम्हाला हसतील, हसू द्या. डावखुरे असाल तर पहिल्याच मिनिटाला सांगा, कारण उजव्या हातात टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, आणि डाव्या हाताने थापी असं सगळ्यांचं असतं आणि रांगेत तुम्ही उलटे उभे राहिलात तर शेजारच्याच्या कोपराला तुमचं टिपरू बसतं. आमच्याकडे हे झालेलं आहे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, समोर दिसला म्हणून ढोल उचलू नका. मी उचलला होता. भिंतीला टेकवलेले पंधरा-वीस ढोल होते, मी त्यातला जवळचा एक उचलला, कमरेला बांधायला लागले आणि आजूबाजूचं बोलणं एकदम थांबलं. कोणी काही म्हणालं नाही. मग एक मुलगी आली, फार गोड आवाजात म्हणाली, "अगं तो दादांचा आहे, तू तिकडचा घे ना." पथकाचे सगळे ढोल पथकाचेच असतात, कागदावर कोणाच्या नावावर काही नसतं, पण पाच-सहा वर्षं एकच ढोल वाजवणाऱ्याचा तो होतो, त्याला तो कसा बोलतो हे माहीत असतं, आणि ते सगळ्यांना माहीत असतं फक्त तुम्हाला नसतं. तेव्हा विचारा, "कुठला घेऊ?" या दोन शब्दांनी पहिल्या दिवशीचे अर्धे घोटाळे टळतात.

हाक मारताना दादा आणि ताई. समोरचा तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान असला आणि पथकात जुना असला तरी दादाच. ऑफिसमध्ये माझ्या हाताखाली ज्या वयाची पोरं आहेत त्या वयाच्या पोराला मी पहिल्या वर्षी दादा म्हणत होते, सुरुवातीला जिभेवर यायचंच नाही. सर-मॅडम अजिबात नको, लगेच कळतं नवीन आहे. टेम्पोवाल्या काकांना काकाच. अरे-तुरेवर कधी यायचं ते आपोआप कळतं, साधारण पहिल्यांदा एकत्र भिजून वडापाव खाल्ला की.

कोण कोण आहे ते समजून घ्या (बॅनरवरून नाही)

बॅनरवर पथकप्रमुखाचं नाव असतं, त्याच्याशी तुमचा रोजचा संबंध फार येत नाही, तो पोलीस परवानगी, मंडळांशी बोलणी, टेम्पो, पैसे यात अडकलेला असतो. तुमच्या रोजच्या आयुष्यात वजन असलेली माणसं वेगळीच.

ताशावाले. हे पथकाचे शहाणे. पूर्ण वादन त्यांच्या काड्यांवर चालतं, हात बदलायचा इशारा तेच देतात, तुम्ही शंभर ढोल असलात तरी पाच ताशे म्हणतील तसंच वाजणार. त्यामुळे त्यांची मान थोडी ताठ असते आणि ते एका कोपऱ्यात आपसातच असतात. त्यांच्याकडे बघायला शिका, त्यांच्या हाताकडे नाही, डोळ्यांकडे, कारण बदलायच्या आधी ते एकदा वर बघतात. हात म्हणजे वाजवायचा ठरलेला प्रकार, एक नंबर, दोन नंबर असे आकडे असतात किंवा नावं असतात, प्रत्येक पथकाची वेगळी, त्यामुळे दुसऱ्या पथकात शिकून आला असाल तरी तिथली नावं इथे वापरू नका. "आमच्या जुन्या पथकात याला असं म्हणायचे" हे वाक्य तर पहिलं वर्षभर तोंडातून काढूच नका.

टोलवाला. शाळेच्या घंटेसारखा टोल वाजवत असतो, दिसायला सगळ्यात कमी महत्त्वाचा, आणि त्याची लय हलली की सगळं पथक घसरतं. बहुतेक वेळा शांत माणूस असतो. नवीन माणसाने मैत्री करायला सगळ्यात चांगला.

ध्वजवाले वेगळीच जमात आहे, त्यांचा सराव वेगळा, त्यांचे खांदे वेगळे, त्यांचं दुःखही वेगळं, की फोटो सगळे आमचे आणि कौतुक ढोलाचं.

आणि हजेरी घेणारी ताई. तिच्या वहीत किंवा हल्ली एक्सेलमध्ये जे आहे त्यावरून मिरवणुकीत कोण येणार आणि कोण नाही ते ठरतं. उशीर होणार असेल तर तिला आधी मेसेज करा. ग्रुपवर नाही, तिला.

शेवटचा म्हणजे गोडाऊनचा माणूस. प्रत्येक पथकात एक असतो जो वर्षभर ढोल सांभाळतो, पान, म्हणजे ढोलाच्या तोंडावरचा ताणलेला पडदा, फुटलं की बदलतो, दोऱ्या कुठून आणायच्या हे त्यालाच माहीत. हा फारसा बोलत नाही, याच्या नावाची पोस्ट कधी पडत नाही. पण कोणाबद्दल हा एकदा म्हणाला की "पोरगं कामाचं आहे," तर मग ते पोरगं पथकातलं झालं.

आत शिरायचा रस्ता ढोल बांधण्यातून जातो

हे मी जरा सविस्तर सांगते कारण माझं स्वतःचं तसंच झालं.

पहिले बारा-तेरा दिवस मी यायचे, वाजवायचे, "बाय ताई" म्हणून जायचे. वादन बरं जमत होतं, पण माझ्याशी कोणी बोलायचं नाही, म्हणजे तोडून नाही, पण गप्पांमध्ये मी नसायचेच. एका संध्याकाळी पावसाने सराव मोडला, निम्मे लोक पळाले, मी रिक्षा मिळेना म्हणून ताडपत्रीखाली उभी राहिले. तिथे गोडाऊनवाला दादा एकटाच एक सैल झालेला ढोल बांधत बसला होता. तो म्हणाला, "पाय ठेव इथे." मी पिंपावर, म्हणजे ढोलाच्या पोकळ धडावर, पाय ठेवला. म्हणाला, "आता हलू देऊ नको."

तर ढोल बांधणं म्हणजे काय, की पिंपाच्या दोन्ही तोंडांना पान असतं, ते रिंगमध्ये बसवलेलं, आणि एका बाजूच्या रिंगमधून दुसऱ्या बाजूच्या रिंगमध्ये नागमोडी गेलेली एकच लांब दोरी. ती सैल झाली की आवाज बसतो, थाप मारली की भद् असा येतो, पातेल्यावर मारल्यासारखा. मग एका टोकापासून सुरू करून एकेक घर ओढत जायचं, ओढलेलं सोडायचं नाही, अंगठ्याखाली दाबून ठेवायचं आणि पुढचं ओढायचं, पूर्ण फेरी झाली की परत पहिल्यापासून, कारण तोवर पहिलं सैल झालेलं असतं. दोरी ओली असेल तर तळहातात कापते म्हणून फडकं गुंडाळायचं. एका बाजूने जास्त ओढलं तर पान तिरकं बसतं आणि ऐन मिरवणुकीत फुटतं. मधेमधे टिपरू मारून ऐकायचं. दादा प्रत्येक फेरीला मला म्हणायचा "वाजव," मी वाजवायचे, तो मान हलवायचा, परत ओढायचा. चौथ्या की पाचव्या फेरीला आवाज एकदम पोटात आला. तो म्हणाला, "हां." बस, एवढंच.

त्या दिवशी आम्ही तीन ढोल बांधले, माझ्या उजव्या तळव्याला आडवी लाल रेघ उठली होती आणि दुसऱ्या दिवशी सरावाला गेले तर ताशावाल्या एका मुलाने, ज्याने तोपर्यंत माझ्याकडे बघितलंही नव्हतं, विचारलं, "काल तू बांधलेस होय ढोल? चहा घेणार का?"

म्हणून सांगते, अर्धा तास लवकर जा आणि अर्धा तास उशिरा निघा. वाजवताना सगळे सारखेच दिसतात, शंभरातला एक. आधी आणि नंतरच्या त्या अर्ध्या तासात तुम्ही दिसता. आता काही जण म्हणतील हे म्हणजे नवीन पोरांकडून फुकट हमाली करून घेणं झालं, आणि काही पथकांत ते तसं आहेही, म्हणून तर वर म्हटलं टेम्पोत कोण चढवतं ते आधी बघा.

व्हॉट्सॲप

प्रत्येक पथकाचे किमान तीन ग्रुप असतात. एक सूचनांचा, त्यात फक्त ॲडमिन लिहितात. एक सगळ्यांचा, त्यात गुड मॉर्निंग, फोटो, वाढदिवस. आणि एक असा ज्यात तुम्ही नाही. तो असतोच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, दुसऱ्या वर्षी तुमचा पण एक असेल.

सूचनांच्या ग्रुपवर वेळ लिहिलेली असताना मोठ्या ग्रुपवर "आज सराव आहे का?" विचारू नका. पाऊस पडत असेल तर तर अजिबातच नको, पुण्यात पाऊस पडतोच, रद्द असेल तर सांगतात.

रील. यावरून आमच्याकडे खरं भांडण झालेलं आहे. सरावाचा व्हिडिओ टाकताना विचारून टाका, कारण एक तर नवीन बसवलेला हात मिरवणुकीआधी बाहेर जायला नको असतो (हो, पथकं एकमेकांचे हात उचलतात, आणि मग "आमचा उचलला" म्हणून पुढची दहा वर्षं बोलत राहतात), आणि दुसरं म्हणजे मागे जी मुलगी घामाघूम उभी आहे तिला स्वतःचा तसा व्हिडिओ नको असू शकतो, किंवा तिने घरी सांगितलेलंच नसतं. आमच्यात एकीच्या घरी असंच रीलवरून कळलं आणि तिचा तो सीझन तिथेच संपला.

दुसऱ्या पथकाचं वादन आवडलं तर आवडू दे, लाईक करा, पण आपल्या ग्रुपवर "काय वाजवलं यार त्यांनी" असं टाकून बघा, शांतता पसरते. मला हे बालिश वाटतं, अजूनही वाटतं. पण मी टाकत नाही.

रांग

ऑगस्टच्या मध्यावर यादी लागते, कोण कुठल्या रांगेत. आणि रुसवे सुरू होतात. पहिल्या रांगेत का नाही, ती कालची आली आणि पुढे कशी, याचं कारण काय त्याचं कारण काय. खरं म्हणजे त्याची कारणं चार-पाच असतात आणि ती सगळी एकदम लागू असतात, हजेरी, लय पक्की आहे का, तीन तास तग धरेल का, उंची, आणि हो, कोण कोणाच्या ओळखीचं. शेवटचं नाही असं मी म्हणणार नाही.

मुलींना पुढच्या रांगेत ठेवायची एक पद्धत पडलीये, फोटो चांगले येतात म्हणून. आम्ही काही जणींनी एका वर्षी सरळ विचारलं की लय बघून ठेवलंय का नथ बघून. त्यावर थोडी गरमागरमी झाली, पण पुढच्या वर्षीपासून चाचणी घेऊन रांगा लावायला लागले. तुम्ही नवीन असाल तर पहिल्या वर्षी हा वाद घालू नका असा सल्ला मला द्यायला हवा, पण मी देणार नाही, घालायचा असेल तर घाला, फक्त एकटीने नको, दोन जुन्या ताया बरोबर घ्या.

मागच्या रांगेत टाकलं तर एक फायदा सांगते. मागे उभं राहिलं की पुढच्या सगळ्यांची पाठ दिसते, कोण दमलंय, कोणाचा ढोल सैल झालाय, कोणाला पाणी हवंय. मी पहिली तीन वर्षं मागेच होते.

पैशाचं पण इथेच सांगून टाकते. मंडळाकडून पथकाला जे मिळतं त्याला सुपारी म्हणतात, काही जण मानधन म्हणतात, आणि पुण्यातल्या बहुतेक पथकांत वादकाला त्यातलं काही मिळत नाही, आपण हौसेने वाजवतो. त्यातून ढोलांची दुरुस्ती, टेम्पो, जेवण, आणि बरीच पथकं उरलेलं एखाद्या शाळेला किंवा संस्थेला देतात. सीझननंतर बैठकीत हिशोब वाचतात, तिथे बसा आणि ऐका. वाचतच नसतील तर विचारा. एक मात्र लक्षात असू द्या, मुळशी-मावळच्या गावांतून ढोल-लेझीम कधीपासून चालत आलेलं आहे, आणि ताशा, हलगी, संबळ पोटासाठी वाजवणारी माणसं आपल्या कितीतरी आधीपासून आहेत, त्यांच्यासमोर आपण पांढरे कुर्ते घालून "आम्ही पैसे घेत नाही" असं मिरवलं की ते फार विचित्र दिसतं.

विसर्जनाचा दिवस

सकाळी मंडईत टिळक पुतळ्यापासून मिरवणूक निघते, आधी मानाचे पाच गणपती, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, याच क्रमाने, मग बाकीचे. बेलबाग चौकातून लक्ष्मी रोडला लागायचं आणि अलका चौकापर्यंत. कुमठेकर, टिळक, केळकर रस्त्यांवरूनही मंडळं जातात. अख्खी मिरवणूक अठ्ठावीस-तीस तासांवर जाते, म्हणजे तुमच्या पथकाचा नंबर कधी लागेल ते ब्रह्मदेवालाही माहीत नसतं. पाच तास उभं राहायचं आणि दीड तास वाजवायचं, असाही दिवस जातो.

त्यासाठी: पोटभर नाश्ता करून या, उपाशी नको. फोनला नेटवर्क नसतं, तेव्हा हरवलात तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा, एखादं दुकान, एखादा बोळ. घरच्यांना सांगून ठेवा की फोन लागणार नाही. मुलींनो, बाथरूम. यावर कोणी बोलत नाही आणि मग पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत आणि चक्कर येऊन पडतात. पेठेतलं कोणाचं तरी घर, कोणाची तरी मावशी, पथकात कोणीतरी व्यवस्था केलेली असते, ताईला विचारून घ्या आणि पाणी प्या.

रांगेच्या दोन्ही बाजूंनी आपलेच लोक हाताची साखळी करून असतात. पहिल्या वर्षी तुम्हाला साखळीत टाकलं आणि ढोल दिलाच नाही असंही होऊ शकतं. तोंड पाडू नका, गर्दी अंगावर येते तेव्हा साखळीतल्याला वादकापेक्षा जास्त दमायला होतं आणि हे आतल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

माझ्या दुसऱ्या वर्षी लक्ष्मी रोडवर ऐन रंगात माझं पान फुटलं. टिपरू आतच गेलं. एका सेकंदात मी रडायला आले होते, तेवढ्यात बाजूच्या मुलाने न बघता, वाजवता वाजवताच मला खांद्याने मागे ढकललं, मागून कोणीतरी दुसरा ढोल पुढे केला, माझ्या कमरेची गाठ कोणी सोडली आणि नवीन कोणी बांधली ते मला आजही माहीत नाही, आणि मी परत रांगेत आले तेव्हा हात बदललेला पण नव्हता.

आवाजाचं. नियम २००० सालचे आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा बंद, सणाच्या ठराविक दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं, आणि हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या शंभर मीटरमध्ये शांतता क्षेत्र. २०२४ ला हरित लवादाने एका पथकात तीसच जण असा आदेश दिला होता, तेव्हा आमच्या ग्रुपवर तीन दिवस दुसरा विषय नव्हता, मग १२ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने त्या संख्येच्या अटीला स्थगिती दिली आणि सगळ्यांनी पेढ्याचे फोटो टाकले. मी पण टाकला. पण पेठेत माझी एक आत्या राहते, पंचाहत्तरीची, ती दरवर्षी त्या दिवशी कोथरूडला मुलीकडे जाऊन राहते. तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे काही नाही. सरावाच्या जागी आजूबाजूच्या सोसायटीतून कोणी काका खाली आले आणि आवाज कमी करा म्हणाले, तर नवीन माणसाने उत्तर द्यायचं नाही, उर्मट तर नाहीच, पथकप्रमुखाला बोलवायचं. परवानगी आणि जागा त्या काकांच्या एका तक्रारीवर जाऊ शकते.

नंतर

विसर्जनानंतरचे चार दिवस वाईट जातात. कान वाजत असतात, संध्याकाळी सहाला पाय आपोआप नदीकडे वळतात. या दिवसांत लोक एकमेकांच्या प्रेमात पण पडतात आणि भांडतात पण, दोन महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर येतं. पथकं फुटतात ती याच काळात. रांगेवरून, हिशोबावरून, कोणाला ताशा दिला नाही यावरून आठ-दहा जुने बाहेर पडतात आणि नवीन नावाने पथक काढतात, आणि मग नव्या पोरांना दोन्हीकडून फोन यायला लागतात, "तू आमच्याबरोबर आहेस ना?" लगेच हो म्हणू नका. दिवाळीपर्यंत थांबा, "घरी विचारते" हे फार उपयोगी वाक्य आहे. आमचं २०१९ ला असंच झालं, मी राहिले, माझ्या दोन जवळच्या मैत्रिणी गेल्या, दोन वर्षं आम्ही रस्त्यात भेटलो तरी नुसतं हसायचो. आता त्यांचं पथक पण चांगलं वाजवतं. ग्रुपवर नाही लिहिणार, इथे लिहिते.

गोडाऊन साफ करायचा एक रविवार ठरतो, मिरवणुकीनंतर आठ-दहा दिवसांनी. तिथे जा. दोनशेपैकी पंधरा जण येतात. ढोल पुसायचे, पानं सैल करून ठेवायची, दोऱ्या वाळवायच्या, टिपरू मोजायची, ती नेहमी कमीच भरतात. मी पहिल्या वर्षी गेले तेव्हा दादाने मला खडूचा तुकडा दिला आणि म्हणाला ढोलांवर नंबर टाक, पुसलेत. सत्तेचाळीसपर्यंत टाकले. मग म्हणाला, "तुझा कुठला?"

यंदा २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती उशिरा आहेत, १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २५ ला. म्हणजे सराव जुलैत सुरू होतील, नावनोंदणीच्या पोस्ट त्याआधीच पडायला लागतील. फॉर्मवर ब्लड ग्रुप आणि घरच्यांचा नंबर खरा लिहा. आणि बूट जुने आणा, नदीकाठच्या चिखलात नव्यांचं काही खरं नाही.